अस्सलबरहुकूम नक्कल : रायगड किनाऱ्यावरील जुन्या निगेटिव्ह व स्लाइडा भात्याच्या कॅमेऱ्यानें उतरून घेण्याची रीति

१. विषयप्रवेश

जुन्या कागदाची नक्कल करणाऱ्यानें दोन गोष्टी पाळावयाच्या असतात. अस्सलांत जें आहे तें सर्व नकलेंत आलें पाहिजे, आणि अस्सलांत जें नाहीं तें नकलेंत येतां कामा नये. अक्षर लागत नसेल तर जागा कोरी सोडावी, तर्क केला असेल तर तो तर्क म्हणून वेगळा दाखवावा, आणि अस्सल कोठें व कोणत्या स्थितींत पाहिलें तें नमूद करावें. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हांपासून अस्सल कागद छापण्याची जी परंपरा महाराष्ट्रांत रुजली तिचा पाया हाच आहे.

कागदपत्रांना लाविलेला हा दंडक छायाचित्रांना मात्र आपण क्वचितच लावितों. जुनें चित्र ‘उतरून घेतलें’ म्हणजे मोबाइल त्यावर धरला, कडा कापल्या, रंग खुलविला आणि मूळ वस्तु पुन्हां पेटींत टाकली, असा सर्रास प्रकार आहे. वास्तविक निगेटिव्ह किंवा स्लाइड हें अस्सल होय. कॅमेऱ्यांत दृश्याच्या समोर तीच होती. कागदावरचा फोटो ही तिची नक्कल, आणि त्या फोटोचा मोबाइलनें काढलेला फोटो ही नकलेची नक्कल. प्रस्तुत लेखांत फिल्मवरून थेट अंकीय प्रत करण्याची एक रीति सांगण्याचें योजिलें आहे. लहान संस्थेस किंवा एकट्या अभ्यासकासहि ती साधण्यासारखी आहे. उदाहरणें रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचीं घेतलीं आहेत.

२. निकड कशाची

दिवेआगर येथें १९९७ सालीं जमिनींत गणपतीचा सुवर्ण-मुखवटा सांपडला. मार्च २०१२ मध्यें दोघा पहारेकऱ्यांचा खून करून चोरट्यांनीं तो नेला. पुढें सोनें हस्तगत झालें तें वितळलेलें. नोव्हेंबर २०२१ मध्यें नवा मुखवटा बसविण्यांत आला व पूजा पूर्ववत् सुरू झाली. परंतु मूळ कारागिराच्या हातची घडण कायमची गेली. ती घडण अभ्यासावयाची तर आतां चित्रांखेरीज साधन नाहीं, आणि १९९७ नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत बहुतेक कॅमेरे फिल्मचेच होते.

दुसरें उदाहरण अलिबागच्या दक्षिणेस असलेल्या अक्षी येथील मराठी शिलालेखाचें. त्यांतील मिति शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२, अशी वाचली गेली आहे. या वाचनाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. हा दगड पुष्कळ काळ रस्त्याच्या कडेस उघड्यावर होता. खारा वारा व पाऊस यांनीं दगडाची कोर झिजते. अशा स्थितींत तिरप्या उन्हांत घेतलेली एखादी जुनी निगेटिव्ह प्रत्यक्ष दगडाहूनहि अधिक सांगूं शकते. अंकाचा एक फांटा दिसतो कीं नाहीं यावर जेथें शतकांचा फरक पडतो, तेथें त्या निगेटिव्हची नक्कल मोबाइलवर भागवितां येणार नाहीं.

तिसरी गोष्ट हवेची. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्यांत वर्षास सुमारें दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, व आषाढ-श्रावणांत हवा ओलाव्यानें जवळजवळ संपृक्त असते. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन आदळलें. त्यांत घरांचीं छपरें उडालीं, कौलें फुटलीं, आणि पाऊस माळ्यावरच्या पेट्यांत उतरला. दगडी किल्ला अशा एका वादळानें जात नाहीं. त्याचें चित्र जातें.

३. फिल्म कशानें नासते

मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. त्या काळचीं चित्रें काचेवर वा कागदावर असत. काच फुटते, पण वांकत नाहीं. तिच्यावरील चित्राचा थर मात्र ओलाव्यानें कडांपासून सुटूं लागतो. नंतर लवचिक फिल्म आली. तिचा आधार प्रथम नायट्रेटचा असे. तो अत्यंत ज्वालाग्राही असून बाहेरच्या हवेवांचूनहि जळतो. कोडॅक कंपनीनें नायट्रेट फिल्म करणें १९५१ सालीं बंद केलें. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत अशा फिल्मांच्या साठ्यास आग लागून भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळच्या अनेक मूळ प्रती नष्ट झाल्या. म्हणून १९५० च्या सुमाराच्या किंवा त्याआधींच्या, पिवळट व चिकट झालेल्या, उग्र वासाच्या फिल्मा घरीं हाताळूं नयेत; त्या वेगळ्या काढून जाणत्या संस्थेचा सल्ला घ्यावा.

नायट्रेटच्या जागीं आलेल्या अ‍ॅसिटेट फिल्मच्या कडेवर पुष्कळदां ‘सेफ्टी’ असा शब्द असतो. ही भडकत नाहीं, पण ओलावा व उष्णता यांनीं तिच्यांतून अ‍ॅसेटिक आम्ल सुटूं लागतें. डबा उघडतांच शिरक्याचा वास आला कीं हा रोग लागला असें समजावें. सुटलेलें आम्ल पुढची नासाडी आणखी वेगानें करतें, म्हणून असा डबा इतरांपासून दूर ठेवावा व त्याची नक्कल सर्वांआधीं करावी. आधार आकसला आणि वरचा थर सुरकुतला, कीं मग सपाट प्रत मिळणें दुरापास्त होतें.

रंगीत स्लाइडांत रौप्याऐवजीं रंगद्रव्यें असतात. १९३५ सालीं बाजारांत आलेली व २००९ सालीं बंद झालेली कोडाक्रोम फिल्म अंधारांत चांगली टिकते. इतर कित्येक फिल्मांतील निळसर द्रव्य आधीं फिकें पडतें व चित्र तांबूस दिसूं लागतें. बुरशी मात्र सर्वांनाच लागते, कारण जिलेटिन हें तिचें अन्न. बुरशी लागलेली फिल्म पाण्यानें पुसण्याचा मोह टाळावा. बुरशीनें पोखरलेलें जिलेटिन पाण्यांत विरघळतें, आणि बुरशीबरोबर चित्रहि निघून जातें.

४. भाता

लोहाराच्या भात्यासारखी घड्यांची, प्रकाश आंत न येऊं देणारी नळी कॅमेरा व भिंग यांच्यामध्यें बसविलेली असते. छायाचित्रकार तिला बेलोज म्हणतात. जुन्या स्टुडिओंतील लांकडी कॅमेऱ्याचा घड्यांचा भाग तो हाच. भात्यानें भिंग सेन्सरपासून दूर नेतां येतें, व जितकें दूर न्यावें तितकें जवळच्या वस्तूचें चित्र मोठें होतें. कॅमेरे फिल्मचे होते तेव्हां याच भात्यास स्लाइड धरण्याचा सांचा जोडून एका स्लाइडवरून दुसरी स्लाइड करीत. आतां पाठीमागें अंकीय कॅमेरा आला, एवढाच फरक.

फिल्मसाठीं बनविलेले चांगले स्कॅनर आतां बाजारांत थोडे राहिले आहेत. कागदासाठीं केलेल्या सपाट स्कॅनरवर निगेटिव्ह ठेवतां येते, परंतु लहान फिल्मेंतला बारकावा त्यांत जाहिरातींतील आंकड्यांइतका उतरत नाहीं. शिवाय तो सावकाश चालतो. भात्याची मांडणी एकदां जमली म्हणजे छत्तीस चित्रांचा एक रोळ कांहीं मिनिटांत उतरतो. डार्करूम बंद पडल्यामुळें एन्लार्जरचीं उत्तम भिंगें जुन्या सामानाच्या बाजारांत मिळतात. सपाट वस्तूचें सपाट चित्र पाडण्यासाठींच तीं घडविलेलीं असल्यानें या कामास फार उपयुक्त आहेत.

५. प्रमाण, अंतर व छिद्र

३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र २४ × ३६ मिलिमीटरांचें असतें. कॅमेऱ्याचा सेन्सर तेवढाच असेल तर चित्र मूळ आकाराएवढें, म्हणजे १ : १ प्रमाणांत, पाडावयाचें. ५० मिलिमीटरांचें भिंग असल्यास भिंग ते सेन्सर १०० व भिंग ते फिल्महि १०० मिलिमीटर अंतर येतें. सर्वसाधारण नियम असा : प्रमाणांत एक मिळवून भिंगाच्या नाभीय अंतरानें गुणावें, म्हणजे सेन्सरपर्यंतचें अंतर मिळतें. हीं अंतरें स्थूलमानानें भिंगाच्या मध्यापासून धरावीं; शेवटची जुळणी डोळ्यानेंच करावी लागते.

५६ मिलिमीटर चौरसाच्या मध्यम आकाराच्या निगेटिव्हला प्रमाण सुमारें ०.४३ लागतें. तेथें ५० चें भिंग घेतल्यास भाता पुरेसा मिटत नाहीं. ८० मिलिमीटरांचें भिंग घ्यावें, म्हणजे सेन्सरकडे सुमारें ११४ व फिल्मकडे सुमारें २६६ मिलिमीटर मिळून काम सुखानें होतें. साडेसहा इंच × साडेआठ इंचांच्या पूर्ण आकाराच्या काचेस भात्याची गरजच नाहीं. तेथें जवळचें चित्र घेणारें साधें भिंग पुरतें. बारकावा अधिक हवा असल्यास काचेचे भाग पाडून घ्यावे व संगणकावर जोडावे, पण सुटे भागहि जपून ठेवावे.

सेन्सरवर ६,००० × ४,००० पिक्सेल असतील तर १ : १ प्रमाणांत फिल्मच्या दर मिलिमीटरास सुमारें १६६, म्हणजे दर इंचास ४,२०० च्या वर पिक्सेल पडतात. सामान्य हातकॅमेऱ्यानें काढलेल्या बहुतेक जुन्या चित्रांत याहून अधिक बारकावा नसतो. पिक्सेल वाढवीत बसण्यापेक्षां चित्र स्थिर व सपाट ठेवण्याकडे लक्ष द्यावें.

छिद्राविषयीं नवशिक्याची एक चूक ठरलेली असते. सर्व भाग स्पष्ट यावा म्हणून तो छिद्र अगदीं बारीक करतो. परंतु भाता ताणला असतां छिद्राचा परिणाम बदलतो. १ : १ प्रमाणांत भिंगावर एफ ८ लिहिलें असलें तरी तें एफ १६ सारखें वागतें, व प्रकाशाच्या विवर्तनानें सारेंच चित्र किंचित् मऊ होतें. म्हणून एफ ५.६ ते एफ ८ यांच्या दरम्यान राहावें. तेथें स्पष्टतेची खोली अवघी पाव मिलिमीटरच्या घरांत असते, म्हणजे फिल्म तेवढी फुगली तरी मध्य किंवा कडा बिघडते. यासाठीं फिल्म चारी बाजूंनीं धरणारा सांचा लागतो. काचेखालीं दाबल्यास काच व फिल्म यांमध्यें रंगीत वलयें उमटतात, म्हणून गुळगुळीत काच टाळावी.

६. मांडणी व प्रकाश

सेन्सर व फिल्म यांचीं पातळीं समांतर हवीं. त्यासाठीं फिल्मच्या जागीं लहान सपाट आरसा ठेवून कॅमेऱ्यांतून पाहावें. भिंगाचें स्वतःचें प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागीं दिसलें म्हणजे समांतरता साधली. नंतर फिल्म लावून कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठें करावें व तिच्या रव्यावर भिंग जुळवावें. चित्रांतील झाडावर किंवा चेहऱ्यावर जुळवूं नये, कारण मूळ छायाचित्रकाराच्या हातूनच तो भाग अस्पष्ट आला असण्याचा संभव असतो.

प्रकाश एलईडीच्या पटाचा घ्यावा. रंगीत स्लाइडांसाठीं त्याची रंगदर्शकता ९५ च्या वर असावी. पट व फिल्म यांत चार-पांच सेंटिमीटर अंतर ठेवावें, म्हणजे पटावरची धूळ चित्रांत उतरत नाहीं. फिल्मभोंवतालचा प्रकाश काळ्या कागदानें झांकावा व खोलींतले दिवे मालवावे. भाता लांब असल्यानें कंप सहज शिरतो, रस्त्यानें एस्. टी. गेली तरी रवा पुसट होतो. म्हणून मांडणी फरसबंदीवर किंवा जड मेजावर करावी व कॅमेऱ्यास हात न लावतां कळ दाबण्याची सोय करावी. आरंभीं फिल्म न लावतां केवळ प्रकाशाचें एक चित्र घेऊन ठेवावें. कडांशीं प्रकाश कमी पडला असल्यास पुढें तें दुरुस्तीस कामास येतें.

चित्र कॅमेऱ्याच्या रॉ स्वरूपांत व सर्वांत कमी आयएसओवर घ्यावें. निगेटिव्हमध्यें फिल्मचा निव्वळ पारदर्शक भाग सर्वांत उजळ असतो. तो पूर्ण पांढरा होऊन वाहून जाणार नाहीं एवढा प्रकाश द्यावा. रंगीत निगेटिव्हचा आधार नारिंगी असतो, म्हणून प्रत्येक रोळांतील चित्रविरहित पट्टीचें एक चित्र घ्यावें व रंगाची जुळणी तिच्यावरून करावी. स्लाइडेंत काळोखाचे भाग फार दाट असतात, तेव्हां कमी व अधिक प्रकाशाचीं दोन चित्रें घ्यावीं.

हें काम मार्गशीर्ष ते माघ या कोरड्या दिवसांत करावें. वातानुकूलित खोलींतली पेटी एकदम किनाऱ्याच्या हवेंत उघडल्यास फिल्मवर दंव धरतें. पेटी बंदच ठेवून तिला बाहेरच्या उष्णतेस येऊं द्यावें. धूळ रबरी फुंकणीनें उडवावी, तोंडानें फुंकूं नये.

७. उलटें चित्र : एक अनुभव

फिल्मची एक बाजू चकचकीत व दुसरी, थराची, मंद असते. कॅमेऱ्यांतून निघालेली मूळ फिल्म चकचकीत बाजूनें पाहिली असतां दृश्य सुलट दिसतें. नक्कल करतांना कित्येकजण थराची बाजू भिंगाकडे ठेवितात, कारण मध्यें आधाराचा पडदा राहत नाहीं. त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र मग चित्र आरशांतल्याप्रमाणें उलटें येतें व संगणकावर सुलट करावें लागतें.

प्रस्तुत लेखकानें ही गोष्ट विसरून एक मोठी चूक केली. कुलाबा किल्ल्याच्या एका जुन्या निगेटिव्हची प्रत करून कडा कापून टाकिल्या. चित्रांत सर्जेकोट किल्ल्याच्या डाव्या अंगास दिसत होता, व पाठीमागें धुरकट आकाशाखेरीज कांहीं नव्हतें. सर्जेकोट हा कुलाब्याच्या उत्तरेस आहे. अलिबागच्या पुळणीवरून पश्चिमेकडे पाहतांना तो उजवीकडे दिसावयास हवा. तो डावीकडे आहे, त्याअर्थीं चित्र समुद्राच्या बाजूनें, नावेंतून घेतलेलें असावें, असा निष्कर्ष काढून तो टांचणांत लिहिलाहि. समुद्राकडील तटाचें जुनें चित्र मिळालें, या आनंदांत त्या तटाविषयीं आणखी दोन अनुमानें बांधलीं. पुढें मूळ पट्टी पुन्हां हातीं घेतली, तेव्हां कडेवरचे अंक थराच्या बाजूनें उलटे दिसले आणि सारा उलगडा झाला. चित्र पुळणीवरूनच घेतलेलें होतें. ज्या कडेनें चूक उघड केली असती तीच कडा प्रतींतून कापली होती.

शिलालेखाचें किंवा पाटीचें चित्र उलटें झाल्यास अक्षरेंच सांगतात. कोर्लईच्या दरवाजावरील पोर्तुगीज लेख उलटा छापला तर कोणाच्याहि ध्यानांत येईल. समुद्र, तट, माड व होड्या मात्र बोलत नाहींत. म्हणून नियम असा कीं, चित्राची पूर्ण चौकट थोड्या काळ्या किनारीसह घ्यावी, आणि कडेवरील अक्षरें व अंक दिसतील असें संपूर्ण पट्टीचें एक चित्र निराळें घ्यावें. स्लाइडेच्या पुठ्ठ्याच्याहि दोन्ही बाजू उतराव्या. पुठ्ठ्यावर कित्येकदां महिना व साल छापलेलें असतें. तें फिल्म धुतल्याचें असतें, चित्र घेतल्याचें नव्हे. त्यावरून चित्र त्यानंतरचें नाहीं, एवढेंच सिद्ध होतें.

८. नोंद

प्रत कितीहि उत्तम असली तरी नोंदीवांचून ती मुकी आहे. पाकिटावरचे शब्द जसेच्या तसे एका रकान्यांत उतरावे व आपला तर्क दुसऱ्या रकान्यांत लिहावा. पाकिटावर नुसतें ‘कुलाबा’ असेल तर तो अलिबागचा किल्ला असेल, मुंबईचा भाग असेल, किंवा १९८१ सालीं रायगड हें नांव मिळालेला सबंध जिल्हाहि असेल. तसेंच ‘रायगड’ म्हणजे महाडजवळचा किल्ला कीं १९८१ नंतरचा जिल्हा, हें ठरवावें लागतें. ‘कुलाबा वेधशाळा’ या शब्दांनींहि घोंटाळा होतो. विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव टाळण्यासाठीं त्या वेधशाळेच्या चुंबकीय वेधांकरितां १९०४ सालीं अलिबागेस नवी जागा झाली, व तेथें चुंबकसूच्यांची हालचाल फोटोच्या कागदावर नोंदली जात असे. पाकिटावरचा शब्द ‘दुरुस्त’ करून टाकणारा नोंदकार पुढच्या अभ्यासकाचा मार्ग बंद करतो.

नोंदींत नक्कल केल्याची तारीख, कॅमेरा, भिंग, प्रमाण, छिद्र, थर कोणत्या बाजूस होता, चित्र सुलट केलें कीं नाहीं, व मूळ वस्तूची स्थिति हीं यावीं. मूळ प्रत रॉ व सोळा बिटांच्या टिफ स्वरूपांत ठेवावी. २ कोटि ४० लक्ष पिक्सेलांची अशी एक टिफ सुमारें १४४ मेगाबाइट भरते, म्हणजे ५०० स्लाइडांस सुमारें ७२ गिगाबाइट जागा लागते. ओरखडे काढणें, फिकट रंग उजळणें हें करावयाचें तर दुय्यम प्रतीवर करावें व तसें लिहावें. फिकेपणा हाहि अस्सलाचा इतिहास आहे. एकंदर तीन प्रती कराव्या : दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, व एक घाटावर. किनाऱ्यावरच्या तिन्ही प्रती एकाच वादळांत सांपडल्या तर केलेलें सारें व्यर्थ जाईल.

९. समारोप

नक्कल झाली म्हणून अस्सल टाकूं नये. फिल्म कोरड्या, थंड व अंधाऱ्या जागीं, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवावी व शिरक्याच्या वासासाठीं वर्षांतून एकदां उघडून पाहावी. पुढील पिढीजवळ आपल्याहून चांगलीं साधनें असतील. तिला अस्सलाकडे परत जातां आलें पाहिजे. आणि अस्सल गेलेंच, तर तिला आपल्या नकलेवर विसंबतां आलें पाहिजे.

किनाऱ्यावरच्या गांवोगांवीं कपाटांच्या वरच्या फळीवर, बिस्किटांच्या डब्यांत, अशा पट्ट्या पडून आहेत. त्यांत कोणाच्या लग्नाचीं चित्रें असतील, व त्या चित्रांच्या पाठीमागें आतां ढासळलेला एखादा बुरूज उभा असेल. मालकांची संमति घेऊन, त्यांची वस्तु त्यांस परत देऊन, आपण निदान नक्कल तरी पदरांत घ्यावी. पुढचा पावसाळा कोणासाठीं थांबणार नाहीं.